फळ्यावरचे बावीस पतंग

२ ऑक्टोबर १९९७, गुरुवार, घट बसायचा दिवस. सकाळी सात वाजता मी सूर्यफुलाच्या वावरात पाच सापळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करत होते. सापळ्यांतले वासाचे रबरी तुकडे तीन आठवड्यांचे झाले होते, तेही बदलायचे होते. शिवाय धाकट्या जावेने घटासाठी वावरातली काळी माती आणायला सांगितली होती. एका हेलपाट्यात तीन कामं उरकत होती आणि मला घाई होती. माझी आई दौंडला मोरीत पडून मांडीचं हाड मोडून घेऊन बसली होती. निरोप रात्रीच आला होता.

सापळा म्हणजे फार काही नाही. बांबूला टांगलेलं प्लास्टिकचं नरसाळं, त्यावर झाकण, खाली हातभर लांब पारदर्शक पिशवी आणि पिशवीच्या तळाला दोरीची गाठ. झाकणाखाली रबराचा तुकडा अडकवायचा. त्याला पतंगाच्या मादीचा वास लावलेला असतो. आपल्याला तो येत नाही. नराला येतो. रात्री नर त्या वासाने येतात, नरसाळ्यातून पिशवीत पडतात आणि फडफडून मरतात. सकाळी गाठ सोडायची, मोजायचे, झटकून टाकायचे, गाठ मारायची. नर किती आले यावरून माद्या किती, अंडी किती आणि पुढे फुलात अळी किती पडणार, याचा अंदाज. अळी हिरवी असते, फुलात शिरून कोवळे दाणे खाते. एका सापळ्यात रोज आठ-दहा पतंग, तेही सलग तीन दिवस आले, तरच औषध मारायचं. नाही तर मारायचं नाही. नियम एवढाच होता.

हे काम मला कृषी सहाय्यकाने दिलं. तळेगाव ढमढेऱ्याला एक दिवसाचं शिक्षण होतं, त्याला गावातून सहा पुरुष आणि मी गेलो होतो. सापळ्याचं सरकारी नाव ‘कामगंध सापळा’. ते नाव उच्चारताना तो तरुण कृषी सहाय्यक माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता. शेवटी ‘रोज सकाळी कोण मोजेल’ असं विचारल्यावर सहाही पुरुषांना आपापली कामं आठवली. मी म्हटलं, मी मोजीन.

आकडा लिहायची जागा दुधाच्या डेअरीवरचा फळा. सकाळी दूध घालायला गाव तिथे येतंच. पाच सापळ्यांची बेरीज, भागिले पाच, जो येईल तो आकडा मी खडूने लिहायची. पहिला आठवडाभर चेष्टा झाली.

“वैनी, आज किती नवरदेव अडकले?”

“सहा. तुमचा नंबर कधी लावताय?”

“आमाला कोन वास देतंय आता!”

“आधी अंघोळ करून या, मग बघू.”

असं चाललं. पण हळूहळू माणसं आकडा बघून जायला लागली. त्या वर्षी गावात पंचवीस-तीस एकर तरी सूर्यफूल होतं. पूर्वी फूल उमललं की औषधाचे दोन हात ठरलेलेच असायचे, अळी असो नसो. त्या सप्टेंबरात एकानेही पंप पाठीला लावला नाही, कारण फळ्यावर चार किंवा पाच असायचं. मला याचा अभिमान वाटायला लागला होता. तो मी कोणाला दाखवला नाही, पण होता.

आमच्या बांधाला लागून भाभींचं दीड एकर. सगळा गाव त्यांना भाभीच म्हणायचा. मुसलमान घर, चार पिढ्यांपासूनचं. नवरा वारलेला, मुलगा कारेगावला कंपनीत पाळीने जाणारा. शेती त्या एकट्या बघायच्या. सूर्यफूल विकायला नव्हे, घरच्या तेलासाठी. दाणे घाण्यावर न्यायचे, डबे भरून आणायचे, वर्षभर बाजारातलं तेल घरात येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांना वाचता येत नव्हतं. रोज सकाळी बांधावरून विचारायच्या, “वैनी, आज काय लिवलं?” मी सांगायची. त्या त्यावर चालायच्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या दीड एकराचं झालं.

त्या गुरुवारी निघताना मी जावेला वही दिली. जाऊ सातवी शिकलेली, हिशेबात पक्की. म्हटलं, “चार दिवस तू बघ. सकाळी जायचं, पाची सापळ्यांतले मोजायचे, बेरीज करून पाचाने भागायचं, फळ्यावर लिहायचं. वहीतही लिहायचं.”

“लिव्हते की. त्यात काय अवघड हाय?”

मी एसटी पकडून दौंडला गेले. चार दिवस आईच्या उशाशी काढले. ते इथे सांगत नाही.

सोमवारी दुपारी परत आले. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेले, तर फळ्यापुढे दहा-बारा माणसं उभी. जावेने नीट ओळीत चार दिवसांचे आकडे लिहिले होते. सहा. अकरा. सतरा. बावीस.

“आल्या का वैनी? बघा, तुमी गेला आन् नवरदेवांची वरातच आली.”

“चेष्टा नगं, आता काय करायचं ते सांगा.”

मी आकडे बघितले. नियम डोक्यात पाठ होता. आठ-दहाच्या वर, सलग तीन दिवस. अकरा, सतरा, बावीस. मी वावरात गेले नाही. पिशव्या बघितल्या नाहीत. जावेला एक शब्द विचारला नाही. तिथेच दुधाची किटली हातात धरून सांगितलं, “मारा औषध. उद्याच मारा. पण संध्याकाळी, ऊन कलल्यावर. फुलं उमललीत, दिवसा माशा असतात.”

माशा म्हणजे मधमाशा. सूर्यफुलात दाणा भरायला त्या लागतात. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर त्या फिरल्या नाहीत तर वरून टपोरं दिसणारं फूल आत पोचट राहतं. त्या सकाळी येतात, दुपारपर्यंत राबतात. म्हणून फुलोऱ्यात औषध मारायचंच झालं तर संध्याकाळी. हेही त्याच शिक्षणात सांगितलं होतं.

घरी येताना भाभी वाटेत भेटल्या. शेळीला पाला घेऊन चालल्या होत्या.

“वैनी, बावीस म्हनं?”

“हो. उद्या मारून घ्या.”

“पर म्या आज फुलं उलगडून बघितली. पंधरा-वीस तरी बघितली आसतील. अळी कुठं दिसत न्हाई.”

“तुम्हाला दिसेपर्यंत उशीर होतो, भाभी. म्हणूनच तर सापळा.”

“व्हय, पर एक तरी दिसाया पायजे का न्हाई?”

मी दमलेली होते. एसटीत उभी राहून आले होते. म्हटलं, “तुम्हाला त्यातलं काय कळतंय? आकडा बावीस आहे.”

त्यांनी पाल्याचा भारा सावरला. मग म्हणाल्या, “पोरगा ह्या हप्त्याला दुसऱ्या पाळीला हाय. दुपारी जातो ते रातीच येतो. संध्याकाळी कोन मारील? सकाळीच मारला तर चालंल का?”

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. नियम मीच सांगितला होता आणि अर्धा तासही झाला नव्हता. पण बावीस हा आकडा माझ्या डोक्यात बसला होता. एक दिवस उशीर झाला तर अळी फुलात शिरेल, मग औषधाचा उपयोग नाही. मी म्हटलं, “मारा सकाळी. उशीर करू नका.”

मंगळवारी मी उशिरा उठले. सापळ्यांपाशी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. बांधापलीकडून पंपाच्या दांडीचा आवाज येत होता. भाभींचा मुलगा तोंडाला टॉवेल बांधून फवारत होता. निम्मं वावर झालं होतं.

मी पहिल्या सापळ्याची गाठ सोडली. पिशवी नेहमी हलकी असते. ही जड लागली. झटकली तर बोळाच पडला. वरचे पाच-सहा पतंग ताजे, पिवळट, पंखांवरचा काळसर ठिपका स्पष्ट दिसणारा. त्यांच्या खालचे कडक झालेले. त्याखाली नुसते पंख आणि अगदी तळाशी भुसा. त्यात लाल मुंग्या. मी दुसरा सापळा सोडला. तसाच. बाकीचे तीनही तसेच. पाची पिशव्या रिकाम्या करून गाठी मारल्या.

पिशव्या मी गुरुवारी रिकाम्या केल्या होत्या. त्यानंतर कोणी गाठ सोडलीच नव्हती. शुक्रवारचे सहा शनिवारीही मोजले गेले, शनिवारचे अकरा रविवारीही. सहा, अकरा, सतरा, बावीस. रोजचे पाच-सहा, एकावर एक. इतके सरळ चढत जाणारे आकडे बघून मला तेव्हाच कळायला हवं होतं. पतंग असे शिस्तीत वाढत नाहीत.

मी बांधापर्यंत गेले. भाभींच्या वावरात अजून निम्मी फुलं कोरडी होती, त्यांच्यावर माशा घोंघावत होत्या. इतक्या की पंपाच्या आवाजातही ऐकू येत होत्या. मुलगा चार ओळी सोडून होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. “थांब रे, चूक झाली,” एवढंच म्हणायचं होतं.

मी हाक मारली नाही. का नाही, हे मी बऱ्याच वेळा स्वतःला विचारलं आहे. भीती वाटली असं म्हणता येणार नाही, त्या पोराला काय भ्यायचं. मला फक्त डेअरीवरची ती दहा-बारा तोंडं दिसली. बाईला मोजता येत नाही, असं म्हणणारी. मी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले.

जाऊ देवघरात घटाला माळ घालत होती. अनवाणी, नऊ दिवसांचा उपास धरलेला. मी उंबऱ्यातूनच विचारलं, “पिशव्या रिकाम्या केल्या नाहीस?”

“न्हाई.”

“का?”

तिने माळ नीट केली, दिव्यात तेल घातलं आणि मग वळली. “घट बसलाय घरात. मेलेली पाखरं हातानं काढू व्हय? आन् त्याच हातानं माळ घालू?”

“मग मोजलेस कसे?”

“पिशवीतनं दिसत्यात की आरपार. बाहीरनं मोजलं. एक बी चुकवला न्हाई, दोन-दोन येळा मोजलं.”

“अगं, पण कालचे आजच्यात धरलेस तू! ते रोज काढून टाकायचे असतात.”

“तुमी सांगितलं का तसं? मोज म्हनलात, बेरीज कर म्हनलात, पाचानं भाग म्हनलात. टाकून दे म्हनलात का? म्हनलं आसतं तर तवाच सांगितलं आसतं, ताई, मला न्हाई जमायचं, दुसऱ्या कोनाला तरी सांगा.”

ती बरोबर बोलत होती. मी उपास धरत नाही, मला पित्त होतं. त्यामुळे घटाच्या दिवसांत मेलेल्या किड्याला हात लावायचा का नाही, हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता. तिच्या मनात तो पहिला आला. आणि मुंग्या लागलेल्या पाच पिशव्यांतले पतंग दोन-दोन वेळा मोजणारी ती बाई, तिला कामचुकार म्हणायला माझी जीभ वळली नाही.

मग तीच म्हणाली, “तिकडं भाभीचा पोरगा फवारतोय ना? आवाज येतोय. जावा की, थांबवा त्याला.”

“आता झालं असेल.”

“कुठं झालं? आजून येतोय आवाज.”

मी स्वयंपाकघरात गेले.

दुपारी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, “बाकीचे संध्याकाळीच मारणार हायेत. त्यानं काय नुकसान न्हाई व्हायचं. औषध काय वाया जात न्हाई. आता फळा पुसलास तर उद्यापास्नं कोन इस्वास ठेवंल?” आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “भाभीचं पन काय व्हईल असं न्हाई. बघू.”

मी फळा पुसला नाही. संध्याकाळी गावभर पंप चालले.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या केलेल्या पिशव्यांत खरेच पाच पतंग आले. मी पाच लिहिलं. त्यावर डेअरीत जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

“बावीसवरनं पाच! एका रातीत! औषध काय लागू पडलं बघा.”

“वैनीनी येळंवर सांगितलं म्हनून. न्हाई तर गेलं आसतं सगळं.”

कोणीतरी चहा मागवला. मी तो प्यायले. पुढच्या आठवड्यात कृषी सहाय्यक आला, वही बघितली, बावीसच्या आकड्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाला, “काकी, हे बाकीच्या गावांना दाखवायला पाहिजे.” मी वही मिटून घेतली. वहीत तो आकडा अजून तसाच आहे.

भाभींच्या वावरात त्या मंगळवारी दुपारीच मेलेल्या माशा पडल्या होत्या. मी गेले होते बघायला, त्या घरी असताना. फुलांच्या खाली, सऱ्यांत, ओल्या मातीला चिकटलेल्या. पुढे आठवडाभर त्या वावरावर माशी फिरकली नाही. आमच्या वावरात होत्या. गावातल्या इतरांच्याही होत्या, कारण त्यांनी संध्याकाळी मारलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक कळत नव्हता. फुलं तितकीच मोठी होती, तितकीच खाली वाकली होती.

दिवाळी झाली. फुलं कापून वाळत पडली. मी रोज ठरवायचे की भाभींना सांगायचं, आणि रोज दुसरं काम निघायचं. कामं खरीच असायची. त्याचाच आधार होता.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी भाभी स्वतःच आमच्या अंगणात आल्या. ओंजळीत दाणे होते. म्हणाल्या, “वैनी, ह्ये बघा.” मी एक दाणा दातांखाली धरला. नुसतं टरफल. दुसरा. टरफल. फुलाच्या कडेचे थोडे भरलेले, मधले सगळे पोचट.

“काठीनं झोडलं तवा ढीग दिसला म्होटा. पाखडलं तर सगळं उडून गेलं. दोन डबं बी तेल न्हाई निघायचं.” त्यांनी ओंजळ रिकामी केली. आमच्या कोंबड्यांनीही त्यातले निम्मे सोडून दिले. “माझ्याच वावरात का झालं काय म्हाईत. बियानं बी तुमच्यातलंच व्हतं. पर एक बरं झालं, तुमी येळंवर सांगितलंत. अळी पडली आसती तर हे बी हाती आलं नसतं.”

जाऊ तेव्हा चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि भाकरी उलटली. भाभींना चहा दिला. त्या पिऊन गेल्या.

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, “मी उद्या सांगणार आहे.”

“कशापायी? मेलेलं पीक जितं व्हनार हाय का?”

“नाही.”

“मग?”

पुढच्या वर्षी भाभींनी सूर्यफूल लावलं नाही, बाजरी पेरली, हे आताच सांगून टाकते. म्हणजे शेवटी काहीतरी गोड होईल अशी कोणी वाट बघायला नको.

सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या, पोचटातून भरलेले दाणे वेगळे करत. मी उभ्याउभ्या सांगितलं. पिशव्या रिकाम्या झाल्या नव्हत्या, बावीस खोटे होते, रोजचे पाचच होते, औषधाची गरज नव्हती, सकाळी मारल्याने माशा मेल्या, म्हणून दाणा भरला नाही. जावेचं नाव घेतलं नाही. चार दिवसांचं काम माझ्या शब्दावर झालं होतं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. “तुमाला कवा कळलं?”

“त्याच दिवशी सकाळी.”

“आमचा पोरगा फवारत व्हता तवा?”

“हो.”

त्यांनी पदरावरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, “तो घरी येऊन म्हनला व्हता, वैनी बांधावर उभ्या व्हत्या. एवढ्या माशा बघून त्याचा हात थांबला व्हता. पर तुमी बघताय आन् काय बोलत न्हाई, म्हंजी बराबर चाललंय म्हनून त्यानं ऱ्हायलेलं बी मारलं.”

हे मला माहीत नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

“मला एकटीला सांगून काय उपेग वैनी? मला लिवता-वाचता येत न्हाई. जिथं लिवलं तिथं जाऊन सांगा.” आणि सूप उचलून पाखडायला लागल्या. सगळा फोल माझ्या बाजूला उडत होता. मी निघाले.

डेअरीवर सकाळचं दूध चाललं होतं. मी किटली मापाला लावली आणि सात-आठ जण होते त्यांच्यापुढे सगळं सांगितलं, जसं भाभींना सांगितलं तसंच. कोणी रागावेल, कोणी शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. एक जण म्हणाला, “आमचं तर भरलंय की.” दुसरा म्हणाला, “जाऊ द्या वैनी, एवढं काय त्यात? पाखरंच ती.” माप घेणाऱ्याने विचारलं, “दूध किती लिहू, दोन लिटर?”

“दोन लिटर,” मी म्हटलं. किटली नळाखाली धुतली आणि घरी आले.